तिन्ही गटांत तेच पिस्तूल

माझ्या नणंदेची पिस्तुलं तीन आणि नवरे दोन. माझं दोन्ही बाबतींत एकावर भागलं. हे वाक्य माझं नाही, तिचंच आहे. क्लबात कोणी नवीन आलं की ती माझी ओळख अशीच करून देते. दुसरा नवरा पहिल्यापेक्षा स्वभावाने हलका निघाला आणि दुसऱ्या पिस्तुलाचा ट्रिगरही, हेही ती सांगते. तो बिचारा शेजारी बसून मान डोलावतो.

आम्ही दोघी या खेळात शिरलो त्याला जन्म लोटला. मी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होते. कारखान्यामागे एक बंद पडलेली दगडाची खाण होती आणि तिच्यात क्लबाची रेंज. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो तेव्हा पलीकडून गोळ्यांचा आवाज यायचा. इतर बायका दचकायच्या. मी एकदा हात न धुताच कुंपणापाशी गेले आणि बघत उभी राहिले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मला हे शिकायचंय. तो म्हणाला, शीक, पण एकटी जाऊ नकोस. म्हणून त्याने धाकट्या बहिणीला सोबत दिलं. माझ्यावर लक्ष ठेवायला आलेली ती पोरगी महिन्याभरात माझ्या शेजारी उभी राहून नेम धरायला लागली आणि घरी जाऊन चुगल्या करायचं विसरूनच गेली.

शिकवायला मास्तर होते. सैन्यातून निवृत्त झालेले, बोलण्यात कंजूष. पिस्तुलं क्लबाच्या कुलूपबंद खोलीत राहायची, म्हणून घरच्या सरावासाठी त्यांनी आम्हाला सुताराकडून लाकडी पिस्तुलं करून दिली होती. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलने टिंब काढलं होतं. भाजी शिजेपर्यंत कमरेवरून लाकडी पिस्तूल काढायचं, टिंबावर रोखायचं, परत ठेवायचं. सासूबाई जिन्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "त्या भिंतीने तुझं काय घोडं मारलंय?" ते टिंब पुढे घर रंगवलं तरी मी रंगवू दिलं नाही.

मास्तरांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी त्यांचं पिस्तूल माझ्या नावावर करून दिलं. जड, साधं. पहिली गोळी झाडताना ट्रिगर लांबवर ओढावा लागतो, पुढच्या हलक्या जातात. अंगठ्याने उघडायची कसली सेफ्टीची कळ नाही. नळीच्या टोकावर उभा दांडा, त्याला आम्ही माशी म्हणतो. ती मागच्या खाचेत बसवायची आणि झाडायचं. वय झाल्यावर मी स्वतःसाठी चष्मा घासला, तो याच पिस्तुलाच्या मापाने. हात ताणला की माशी लख्ख दिसते. पलीकडचं टार्गेट धूसर दिसतं, पण ते कुठे पळून जात नाही.

आता गटांचं सांगते, म्हणजे पुढचं भांडण कळेल. आमच्या स्पर्धेत पिस्तुलांचे तीन गट असतात. साध्या गटात पिस्तूल कारखान्यातून आलं तसंच वापरायचं. मधल्या गटात ट्रिगर हलका केलेला चालतो, आणखीही सुधारणा चालतात. खुल्या गटात सगळंच चालतं. तिथले लोक पिस्तुलावर छोटी काच बसवतात, काचेत लाल ठिपका दिसतो आणि ठिपका जिथे, गोळी तिथे. साधं पिस्तूल घेऊन वरच्या गटांत उतरायला नियमाची आडकाठी नाही. फक्त तसं कोणी करत नाही. मी करते.

गेल्या वर्षी पहिल्यांदाच ज्येष्ठांची राष्ट्रीय स्पर्धा जाहीर झाली. प्रत्येक क्लबातून एक बाई, आणि तिने तिन्ही गटांत उतरायचं. आमच्या क्लबात त्या वयाच्या नेम धरणाऱ्या बाया दोनच, आम्ही नणंद-भावजय. त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरने मला सांगितलं होतं की उजव्या डोळ्याच्या ऐन मध्यावर डाग धरतोय. पुढच्या वर्षी माशी दिसेल याची त्याला खात्री देता येईना. जायचं तर याच वर्षी. हे मी फक्त नणंदेला सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणून मी मुद्दाम हरेन असं समजू नकोस."

"मुद्दाम हरलात तर बोलणं टाकीन तुमच्याशी," मी म्हटलं.

मास्तरांच्या जागी आता नवा प्रशिक्षक आहे. गळ्यात सदा शिट्टी, म्हणून आम्ही त्याला शिट्टीच म्हणतो. मुलगा वाईट नाही, पण जुनी वस्तू दिसली की त्याला खाज सुटते. निवड-चाचणीच्या आठवड्यात त्याने क्लबाचं नवं, ठिपक्याचं पिस्तूल माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

"आजी, खुल्या गटासाठी हे घ्या."

"माझ्याकडे आहे."

"तुमचं साध्या गटाचं आहे. खुल्या गटात ते नेणं म्हणजे मोटारींच्या शर्यतीत सायकल."

"सायकलला मनाई आहे का?"

"मनाई नाही. पण अक्कल म्हणून काही असतं ना, आजी. तुम्हाला ठिपक्याने उलट सोपं जाईल. वयाला बरं."

"माझ्या वयाचं मी बघते. आणि आजी तुमच्या घरी असेल, मी इथली सभासद आहे. तुमच्या जन्माच्या आधीपासून."

तो लाल झाला. मग जरा चढ्या आवाजात म्हणाला की क्लबाचं हसं करून घ्यायला तो कोणाला पाठवणार नाही. ठिपका घेतला नाही तर चाचणीत पहिली आले तरी नाव जाईलच असं नाही. मी ते पिस्तूल दोन बोटांनी त्याच्याकडे सरकवलं आणि चष्मा पुसत बसले.

ठिपक्याला दूरचं बघावं लागतं, त्याला वेगळा चष्मा लागला असता. तो मी एका दुपारीत घासला असता. प्रश्न तो नव्हताच. इतकी वर्षं भाजी शिजेपर्यंत जे गिरवलं ते मला एकदा त्या मोठ्या मैदानात नेऊन बघायचं होतं. दुसऱ्याच कुठल्या हत्याराने तिथे गेले असते तर गेली कोण असती?

चाचणीला खाणीत ऊन तापलं होतं. नियम सोपा: टायमर वाजला की पिस्तूल काढायचं, पुठ्ठ्यांवर दोन-दोन गोळ्या, मग लोखंडी तबकड्या पाडायच्या. लागलेला वेळ अधिक चुकांचा दंड. तिन्ही गटांची बेरीज जिची कमी, ती पुढे.

साध्या गटात मी थोडी पुढे राहिले. मधल्या गटात नणंदेने तिचं हलक्या ट्रिगरचं पिस्तूल काढलं आणि मला सपशेल मागे टाकलं. सगळ्या तबकड्या अशा पटापट पडल्या की मीच टाळी वाजवली. बेरजेत ती बरीच पुढे गेली. ती पाणी प्यायला माझ्याजवळ येऊन बसली.

"वहिनी, आता ठिपका. सामान बांधू का?"

"बांधा, माझं. आणि मला बसस्टँडवर सोडायला या."

खुल्या गटात आधी मी उतरले. पहिला लांब ट्रिगर, मग बाकीचे. घाई केली नाही. एक तबकडी चुकली, ती परत मारली. हात मला माझा वाटत होता. शिट्टीने टायमर पाहिला आणि तोंड वाकडं केलं. एवढ्या वेळात नणंद आरामात जिंकली असती.

ती उभी राहिली. टायमर वाजला. तिचं पिस्तूल माझ्यापेक्षा लवकर बाहेर आलं, लवकर रोखलं गेलं आणि गप्प राहिलं. तिने ट्रिगर पुन्हा दाबला. काही नाही. काडतूस फुटलं नाही असं समजून तिने स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे खेचली. चांगलं काडतूस उडून जमिनीवर पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा गप्प. मला दुरूनच दिसलं. तिच्या साध्या पिस्तुलाला सेफ्टी नाही, मधल्याला आहे ती नुसत्या पकडीने सुटते, आणि या तिसऱ्याची कळ अंगठ्याने खाली ढकलावी लागते. तीन पिस्तुलं, तीन सवयी. अंगठा विसरला होता. मधे बोलायला मनाई असते, मी दातांखाली ओठ धरला. शेवटी तिलाच आठवलं. पुढच्या गोळ्या तिने सुंदर मारल्या, पण वेळ गेला तो गेला.

बेरीज झाली. मी अगदी थोडक्यात पुढे.

शिट्टी वही बंद करून म्हणाला, "हा अपघात झाला. खरा वेग यांचा आहे. हां, आजींनी ठिपका घ्यायचं कबूल केलं तर मी त्यांचं नाव पाठवतो. नाहीतर यांचं."

मी उभी राहिले. गुडघा दुखत होता तरी सरळ उभी राहिले. "जाईन तर याच पिस्तुलाने. तिन्ही गटांत. नाव पाठवायचं नसेल तर तसं क्लबाच्या सभेत सगळ्यांसमोर सांगा, कारणासकट. चाचणी जिंकली पण पिस्तूल जुनं होतं, असं म्हणा. मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन."

तो नणंदेकडे वळला, तिने काही बोलावं म्हणून. तिने जमिनीवरचं ते उडालेलं काडतूस उचललं, पुसलं, खिशात टाकलं.

"माझ्याकडे काय बघतोस? अंगठा माझा विसरला, तिचा नाही. आणि हे बघ, माझं नाव पाठवलंस तर मी त्या दिवशी आजारी पडणार. आत्ताच सांगून ठेवते, नंतर धावपळ नको."

"पण काकू, तुमच्याकडे तीन-तीन..."

"तीनच वापरीन मी मरेपर्यंत. मला आवडतात. मला तीन आवडतात म्हणून एकावर भागवणारी ही चुकीची होत नाही." मग माझ्याकडे बघून, "तशी हट्टी आहे. भावाने सोबत का धाडलं होतं ते आता कळलं."

नाव गेलं.

स्पर्धेच्या ठिकाणी आधी हत्यारांची तपासणी असते. टेबलामागच्या अधिकारी बाईंनी माझं पिस्तूल उलटसुलट पाहिलं, साध्या गटाची चिकटपट्टी लावली आणि म्हणाल्या, "मधल्या गटाचं?"

"हेच."

त्यांनी वर पाहिलं. दुसरी पट्टी लावली. "खुल्या गटाचं?"

"हेच."

मागे रांगेत कोणीतरी हसलं. माझ्या मागेच पिशव्या धरून उभी असलेली नणंद वळून त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याने बुटाची नाडी बांधायला घेतली. तिसरी पट्टी लावायला पिस्तुलावर जागा उरली नव्हती. बाईंनी ती दुसरीवर अर्धी चढवून लावली.

साध्या गटात मी तिसरी आले. मधल्यात मधेच कुठेतरी. खुल्या गटात शेवटून दुसरी, आणि शेवटच्या बाईंकडे ठिपका होता. परत आल्यावर शिट्टी म्हणाला, ठिपका घेतला असतात तर वर गेला असतात. गेले असते, नक्की. मी त्याला तसं सांगितलंही.

आता माशीच्या टोकावर डाग येतो. मी डोकं जरा तिरपं केलं की ती डागाच्या कडेने दिसते. चष्मा त्या कोनाने पुन्हा घासायला घेतला आहे. नणंद म्हणते, पिस्तूल तेवढं बदलायचं नाही, मान वाकडी झाली तरी चालेल.

चालेल.