फ्लेक्सवरची पाठ

आसेगावच्या फाट्यावर एसटीतून उतरणाऱ्याला आधी हरीओम दिसे आणि मग गाव. बारा फूट उंच फ्लेक्स. त्यावर निळ्या समुद्राकाठचा सरळसोट कडा, कड्याला पालीसारखा चिकटलेला एक पाठमोरा देह, डोक्यावर लाल हेल्मेट, अंगात केशरी टीशर्ट. आणि खाली ठसठशीत अक्षरांत: ‘थायलंडचा कडा सर करणारे आसेगावचे सुपुत्र, कृषी सेवा केंद्राचे संचालक मा. हरीओमभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त मित्रमंडळ.’ मित्रमंडळ म्हणजे एकटा लखन. फ्लेक्सचं दुकानही त्याचंच.

कडा खरा होता, समुद्र खरा होता, टीशर्टही खरा. पाठ तेवढी हरीओमची नव्हती. ती त्याच्या बायकोची, ज्योत्स्नाची होती.

झालं होतं असं. औषधाच्या एका कंपनीनं भरपूर माल विकणाऱ्या दुकानदारांना थायलंडची दोन-दोन तिकिटं दिली. बाकीच्यांनी दुसऱ्या तिकिटावर मित्र नेला. हरीओमच्या घरी पाकीट आधी ज्योत्स्नाच्या हाती पडलं. लखन पारावर बसून सांगे, “लोक थायलंडले बायकोपासून लपून जातात, आन आपला भाऊ बायको घेऊन गेला! जेवणाचा डबा घेऊन हाटेलात बसल्यावानी!”

बँकॉकच्या दोन रात्री हरीओमनं डिस्कोतल्या सोफ्यावर काढल्या. पासपोर्ट बनियनच्या खिशात, पोटावर बॅग, बॅगेवर दोन्ही हात, आणि साडेनऊला घोरणं सुरू. ज्योत्स्ना नाचली. नवरीनं नाचू नये म्हणून आपल्याच लग्नात ती खुर्चीवर बसून राहिली होती. तो उरलेला सगळा नाच तिनं तिथं नाचून संपवला. मग भाड्याची गाडी घेऊन दोघं दक्षिणेला निघाली. त्या रस्त्यांवर कोणी हॉर्न वाजवत नाही. हरीओमनं वाशीमच्या सवयीनं पहिल्याच दिवशी साऱ्या देशाच्या वाट्याचा वाजवला. जंगलात पैसे भरून तंबूत झोपायचं होतं. घरच्या शेतात रानडुकरांच्या जागलीला जा म्हटलं की जो माणूस कंबर धरून बसे, त्यानं तिथं तंबूची चेन शेवटपर्यंत ओढून घेतली आणि बॅटरी छातीशी धरून पहाटेची वाट पाहिली.

कड्याशी मात्र खरी गंमत झाली. शिकवणारी बाई चणीनं लहान, पण बोटं चिवट. तिनं दोघांना गाठी शिकवल्या. हरीओम बारा फूट चढला आणि त्यानं दगडाला मिठी मारली. गावच्या मारुतीलाही अशी कधी मारली नसेल. खाली आल्यावर म्हणाला, बूट आखूड हायेत. मग ज्योत्स्ना चढली. बोटांना चीर सापडत गेली, पायांना खाच, आणि मध्ये कुठंतरी भीती खाली राहून गेली. वर पोचली तेव्हा समोर पाणीच पाणी, आणि सबंध आयुष्यात पहिल्यांदा ‘सांभाळून’ म्हणायला तिच्याजवळ कोणी नव्हतं.

खालून हरीओमनं फोटो काढला. दोघांचे टीशर्ट सारखे, कारंजाहून जोडीनं घेतलेले. वेणी हेल्मेटात. लखनला फोटो गेला आणि पुढचं लखननं केलं.

“थो फोटो माहा हाये,” ज्योत्स्ना नवऱ्यापुढं चहा ठेवत म्हणाली.

“मले मालूम हाये ना. लखननं न इचारता लावला. आता काढाले लावलं त हसं होईन. आन तू-मी का येगळे हावो?”

“मंग खाली माहं नाव टाका. येगळे नाई त काय फरक पडते?”

“येडी झाली का? घरच्या सुनेचा पाठमोरा फोटो फाट्यावर? लोक काय म्हणतीन?”

“आतापरेंत काय म्हणून राह्यले?”

यावर हरीओमनं चहात बिस्कीट बुडवलं आणि ते विरघळून तळाशी गेलं.

फ्लेक्सचं तिनं सोडूनही दिलं असतं. पण दोन दिवसांनी बायका ‘फारीनहून आलेली सून’ पाहायला आल्या, आणि त्यांच्यात रंगूबाई होती. बारसं असो की हळद, रंगूबाईच्या ओवीशिवाय गावाचं पान हलत नसे. तिनं पानाचा विडा गालात सरकवला आणि सूर लावला:

*हरीओम माझा राजा, कडा चढतो गं उभा,*
*वारा ढाळितो चवरी, दर्या खाली धरी सभा.*

सासूबाई, रुख्मिणीबाई, पोराच्या कौतुकानं डोळे पुसू लागल्या. कुंकू लावता लावता ज्योत्स्नाचा हात थांबला. फ्लेक्स एका उन्हाळ्यात फाटतो. रंगूबाईच्या तोंडी गेलेलं गाणं लेकींबरोबर सासरी जातं, नातींबरोबर परगावी. आता तो कडा आपण चढलो हे आपल्या एकटीलाच ठाऊक राहणार, आणि एकटीला ठाऊक असलेली गोष्ट हळूहळू स्वप्नासारखी पुसट होते. काही वर्षांनी आपल्यालाही वाटेल, चढला तो हरीओमच.

त्याच आठवड्यात, हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवशी, शेतातल्या विहिरीत मोटरचा दोर तुटला. मोटर चाळीस फूट खाली कपारीवर कलंडली, पाइप वाकला. आता कोणीतरी उतरून नवा दोर बांधायला हवा. सासऱ्यांनी, दौलतरावांनी, ग्यानबाला बोलावलं. पंचक्रोशीतल्या विहिरींचं पोट आतून पाहिलेला हा माणूस. तो काठावर आला, खाली डोकावला आणि खांदा चोळू लागला.

“दौलतराव, माहा हात दिवाळीपासून वर उठत नाई. आन मी कायले? तुमच्या घरी त फाट्यावरच्या फ्लेक्साएवढा चढणारा हाये. थो टोपी घालून, पट्टा बांधून चढला. म्या चाळीस साल नुसत्या दोराले जीव टांगला, मले कोणं टोपी नाई देल्ली. फ्लेक्स त जाऊच द्या.”

टोमणा दौलतरावांच्या डोक्यावरून गेला. त्यांची छाती फुगली. “बरोबर हाये! बोलवा हरीओमले!”

दुकान बंद करून हरीओम आला. त्या कड्याजवळच्या क्राबीहून विकत आणलेला चढाईचा पट्टा आणि हेल्मेट बैठकीत कॅलेंडरशेजारी टांगलेलं असे, ते आलं. लखन मोबाइल घेऊन आला. रंगूबाई विडा घेऊन आली. रुख्मिणीबाई आणि ज्योत्स्ना भाकरी घेऊन आल्या, तोवर विहिरीवर अर्धं गाव जमलं होतं.

हरीओमनं पट्टा चढवला. कमरेचा भाग मांडीला आला आणि मांडीचा कुठंच आला नाही. हसू की रडू हे ज्योत्स्नाला कळेना. गप्प राहावं तर हा मरेल, बोलावं तर घरची अब्रू जाईल. ती पुढं झाली, पट्टा सुलटा केला, बकल आवळलं, दोराची आठाच्या आकड्यासारखी गाठ मारून ओढून पाहिली. ग्यानबा तिच्या बोटांकडं बघत होता.

हरीओम काठावर बसला. खाली पारव्यांची घरं, त्याखाली अंधार, अंधाराच्या तळाशी ताटलीएवढं आभाळ.

“पट्टा ढिला हाये,” तो म्हणाला.

“आवळला हाये,” ज्योत्स्ना म्हणाली.

“दोर जुना हाये.”

“आज सकाळी आणला,” ग्यानबा म्हणाला. “तुमच्या दुकानासमोरून.”

“हेल्मेट कुठं हाये?”

“डोक्यावर हाये, भाऊ.”

लोक हसले. ग्यानबा हसला नाही. “हरीओमभाऊ, एक इचारू? ही गाठ सूनबाईनं मारली. बोट नाई थरथरलं. तुमचा त पट्टाच उलटा होता. मंग फाट्यावर कोन चिकटून राह्यलं?”

लखनचा मोबाइल खाली आला. हरीओम बुटाच्या नाडीत काहीतरी शोधू लागला.

“मी हावो,” ज्योत्स्ना म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पुरला. “द्या थो पट्टा. मी उतरतो.”

आता, या मुलखात सून आणि विहीर हे दोन शब्द एका वाक्यात आले की पोलीस पाटलाला निरोप जातो. रुख्मिणीबाईंनी तिचा दंड धरला. “नाई वं बाई! सून विहिरीत उतरली म्हणून बोंब गेली, त तुहे मायबाप पोचेपरेंत आमी ठाण्यात असू!”

“ज्या उतरतात त्या वर येयासाठी नाई उतरत, आत्या. मी वर येतो.”

रुख्मिणीबाईंनी तिचा दंड सोडला. या गावात त्या चाळीस वर्षं नांदल्या होत्या. कोणकोणत्या विहिरी त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या ते त्यांनाच माहीत. त्यांनी लेकाच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, सुनेच्या डोक्यावर ठेवलं आणि हनुवटीखालचा बंद स्वतः लावला.

ज्योत्स्नानं ओढणी कमरेला खोचली, नवऱ्याचा पट्टा सोडवून आपल्याला आवळला. कडुनिंबाच्या बुंध्याला दोराचा वेढा देऊन ग्यानबा आणि चौघे उभे राहिले. ती उतरली. वरचे घडीव दगड संपले, खालचा काळा खडक आला, ऊन वरच राहिलं. पाय कपारीला लागले. मोटर अंग चोरून निजलेल्या वासरासारखी पडली होती. नव्या दोराचं टोक तिनं हाती घेतलं, आणि वरून सासऱ्यांचा दबका आवाज आला. पण दबका आवाज विहिरीत दबका राहत नाही.

“लखन, व्हिडिओ पुसून टाक. कोनं इचारलं त हरीओमच उतरला म्हणा. घरची गोष्ट घरात.”

ज्योत्स्नाचा हात थांबला.

“झाली का गाठ?” दौलतरावांनी विचारलं.

“नाई, मामाजी. आंधी सांगा, कोन उतरलं?”

“आपलंच माणूस उतरलं ना!”

“त्या माणसाले नाव हाये. थे सांगा, मंग गाठ मारतो.”

वर कुजबूज झाली. दौलतरावांनी सुनेचं नाव आजवर घेतलं नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. त्यांनी लेकाकडं पाहिलं. लेकानं कडुनिंबाकडं.

“घे ना रे लेका नाव!” रंगूबाई कडाडली. “आमी जलमभर तुमची घेतली, चांदीच्या ताटावाट्यासकट! तुह्यानं एक होत नाई?”

“ज्योत्स्ना,” बँकेच्या खिडकीत सांगावं तसं हरीओम म्हणाला.

“आयकू नाई आलं!”

“जोरानं बोला, भाऊ,” ग्यानबा म्हणाला. “विहीर जुनी हाये, कानानं कमी हाये.”

सगळं गाव खदखदून हसलं. तेव्हा हरीओम पोटावर आडवा झाला, डोळे गच्च मिटून त्यानं मुंडकं विहिरीत घातलं आणि ओरडला, “ज्योत्स्ना उतरलीऽऽ! कडाबी तिनंच चढलाऽऽ!”

विहिरीनं ते नाव झेललं, या दगडावरून त्या दगडावर आपटलं, आणि तीनदा परत केलं. पारवे भर्रकन उडून गेले.

ज्योत्स्नानं गाठ मारली. “ओढा!”

पाण्याच्या धारा गाळत मोटर सरळ झाली.

“आता ये वर,” वरून हरीओम म्हणाला. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “इथं गार हाये.”

आणि कपारीवरून पाय सोडून ती बसली. वर ग्यानबा आणि चौघे दोर धरून उन्हात उभे होते.