गाजर नावाचा वापरलेला साप

मित्रांनो, मी एक जुना साप आहे. जुना म्हणजे म्हातारा नव्हे, एका घरात वापरून झालेला. अंगाने नारिंगी, विषाचा थेंबही नाही, नाव गाजर. सापाला कान नसतात, मग याला बोलणं कसं कळतं, असं विचारू नका. एवढी वर्षं माणसांच्या घरात काढल्यावर नको ते सगळं कळायला लागतं.

मी अंड्यातून बाहेर आलो तेव्हा पेन्सिलीएवढा होतो. माझा पहिला मालक टॉर्बेन तेव्हा शाळेत होता. सापांच्या बाजारात त्याने मुद्दाम सर्वांत लहान पिल्लू निवडलं. लहानपणापासून वाढवलं की लळा लागतो, असं त्याला वाटे. खरं सांगू? आम्हा सापांना लळा लागत नाही, सवय लागते. लळा लागला तो त्याला. पण मुलं मोठी होतात. तो शिकायला दूर लाइपझिग शहरात गेला आणि तिथल्या घरमालकाला साप चालेना. मग मी त्याच्या आईच्या, हार्म्सबाईंच्या गळ्यात पडलो. खरोखरचा पडलो असतो, तर बाई जागीच गेल्या असत्या! गुलाब छाटायचे चामडी हातमोजे घालून, तोंड फिरवून त्या माझं पाणी बदलत. फ्रीजरमध्ये मटारांशेजारी माझे गोठवलेले उंदीर असत, म्हणून त्यांनी मटार खाणंच सोडलं. तरी त्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही.

शेवटी त्यांनी माझ्यासाठी दुसरं घर शोधायला घेतलं. गल्लीतला हाइको आपल्या मुलीला, येटेला घेऊन आला.

"वय काय याचं?"

"अकरा."

"अकरा! अहो बाई, एक वेळ जुनी गाडी घेईन, पण जुना साप नको. पिल्लूच बरं. पोरीच्या हाताखाली वाढेल."

येटे काचेला नाक लावून उभी होती. "पण बाबा, हा किती छान आहे."

"चल गं."

त्या दोघांनी बाजारातून पिल्लू आणलं. त्याने अजून एकही घास खाल्लेला नव्हता, आणि हाइकोने ते विचारलंही नव्हतं. लळा लागावा म्हणून येटे त्याला सारखी हातात घेई. घाबरलेलं पिल्लू तोंड उघडत नाही. ते वाळत गेलं आणि एका सकाळी हललंच नाही. पोरीने प्रेमच केलं होतं हो! मला अजून वाईट वाटतं.

ती दोघं पुन्हा आली. येटेने हात पाठीमागे धरले होते.

"हार्म्सकाकू, हा जेवतो ना?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"मी हात लावला तर मरेल?"

बाईंनी हातमोजे काढले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला उघड्या हातांनी उचललं. मी अगदी स्तब्ध राहिलो.

"बघ, राणी. याला माणसांच्या हातांची सवय आहे. घे."

येटेने मला घेतलं आणि ती रडायला लागली.

हाइकोने घसा खाकरला. "किती जगेल हो हा?"

"नीट सांभाळलात तर अजून आठ-दहा वर्षं."

"तोवर ही घर सोडून जायची."

"जाणारच. पिल्लू जगलं असतं, तर वीस वर्षं काढली असती त्याने. माझ्याकडे बघा म्हणजे कळेल." बाईंनी हातमोजे त्याच्या हातात ठेवले. "हे असू द्या. शेवटी तुम्हालाच लागतील."

मित्रांनो, साप घेताना त्याचं वय जरूर विचारा. तो जेवतो का, हेही विचारा. पण आधी आपलं वय मोजा, आणि तुम्ही घर सोडाल त्या दिवशी त्याचं पाणी कोण बदलणार, हे घरात विचारून ठेवा.

येटे रोज शाळेतून आली की आधी माझ्याकडे येते. हाइकोने ते हातमोजे माझ्या काचेच्या घराशेजारी खिळ्याला अडकवले आहेत. अजून कुणी घातलेले नाहीत. मी रोज त्यांच्याकडे बघतो.