हिरव्या रेघेवर जळणारी खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला हात नाहीत, गादी नाही, पाठीवर नक्षीही नाही. मित्रांनो, अशा साध्यासुध्या खुर्चीने शांत आणि सोशिक असावं असं तुम्हाला वाटत असेल. पण मी सुरुवातीलाच सांगून टाकते, मी भयंकर मत्सरी आहे. लाकडाने जळणं बरं नव्हे, हे मला कळतं. तरी जळले! एक-दोन दिवस नाही, कित्येक महिने जळले.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. एक बाई हातात मापांचा कागद घेऊन आल्या होत्या.

"वर फोम नको, कुशन नको," त्या म्हणाल्या. "बैठक टणक आणि सपाट हवी. बसणाऱ्याला आपली खालची दोन्ही हाडं कळली पाहिजेत."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली. "अहो ताई, खुर्ची हवीय की शिक्षा?"

"व्यायामासाठी हवीय."

"बसून व्यायाम?"

"बसूनच!"

सुतार बराच वेळ स्वतःशी पुटपुटत होता. पण त्याने मला मन लावून तासलं, चारी पाय दहादा जमिनीला लावून पाहिले आणि मगच दुकानाबाहेर जाऊ दिलं.

त्या बाई फिजिओथेरपिस्ट होत्या. सगळे त्यांना ताईच म्हणायचे. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत दोन बाकं, आतल्या खोलीत पलंग, उभा आरसा आणि मी. गुडघे, खांदे, मान हे सगळीकडेच बघतात. ताई मात्र ओटीपोटाचा तळ बघायच्या. तो काय असतो ते मला पाठ आहे, कारण नऊ वर्षं रोज चारदा ऐकलंय. आपल्या कंबरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी ताणलेली असते, पुढच्या हाडापासून थेट मागच्या माकडहाडापर्यंत. मूत्राशय, आतडी, बायकांचं गर्भाशय, सगळी मंडळी तिच्यावर टेकून निवांत बसलेली असतात. ती झोळी सैल पडली की शिंकताना, हसताना, उडी मारताना शू निसटते. हसू नका! म्हणजे हसा, पण नंतर हसताना जपायला लागू नये एवढं बघा.

ताई प्रत्येकाला माझ्यावर बसवायच्या आणि सांगायच्या, "चारचौघांत वारा सरायची वेळ आली की आपण जे आवळतो ना, ते आवळा. मग पुढे ओढा आणि वर उचला. लिफ्ट वर नेल्यासारखं. श्वास चालूच ठेवायचा."

लोक आधी लाजायचे, मग खुदखुदायचे, मग करायचे. आणि मित्रांनो, इथे माझं खरं काम सुरू व्हायचं. झोळी वर उचलली गेली की बसणाऱ्याचं मधलं ओझं माझ्यावरून केसभर हलकं व्हायचं. उलट, कुणी चुकून खाली जोर लावला की तेच ओझं केसभर जड व्हायचं. केसभर म्हणजे केसभरच! पण टणक लाकूड असल्यामुळे बसणाऱ्यालाही ते उमगायचं. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेले एक आजोबा, गाणं शिकवणाऱ्या एक बाई, जुळ्यांची आई, किती जण माझ्यावर शिकून गेले. गाणाऱ्या बाई तर मला थोपटून म्हणाल्या होत्या, "ही खुर्ची नाही, मास्तरीण आहे." ते वाक्य मी आठवडाभर मनात घोळवत होते.

मग ते आलं.

ते मशीन मोठ्या खोक्यातून आलं. आत थर्माकोल, थर्माकोलच्या आत प्लास्टिक, प्लास्टिकच्या आत पुन्हा प्लास्टिक. नवरीला सुद्धा कुणी एवढं गुंडाळत नाही! त्याला एक हवेची उशी होती, उशीला नळी, नळीच्या टोकाला पडदा. उशीवर बसून स्नायू आवळला की पडद्यावर हिरवी रेघ सरसर वर चढायची आणि टिंग असा आवाज व्हायचा. टिंग! एवढ्याशा टिंगवर सगळे लट्टू.

"अय्या, माझी रेघ बघा!"

"ताई, कालच्यापेक्षा उंच गेली!"

ताईंनी त्याला गोट लावलेलं आवरण शिवलं. रोज मऊ कापडाने पडदा पुसायच्या. मला नऊ वर्षांत एकच फडका मिळाला होता, तोही फरशी पुसून उरलेला. आणि मला कुठे पाठवलं माहीत आहे? बाहेरच्या खोलीत, आतल्या दाराला पाठ लावून. माझ्या बैठकीवर जुन्या मासिकांचा गठ्ठा ठेवला. जिच्यावर माणसं शिकायची, तिच्यावर वर्षभरापूर्वीची शब्दकोडी! तीही कुणीतरी अर्धवट सोडवलेली.

दार पातळ प्लायचं होतं, त्यामुळे आतलं प्रत्येक टिंग माझ्या पाठीत घुसायचं. मी रोज देवाला म्हणायचे, एकदा तरी बिघडू दे रे.

अशातच एक दिवस शिट्टीबाई आल्या. त्या शाळेत खेळ शिकवायच्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलींनी नाव ठेवलेलं, आणि त्यांनाही ते आवडायचं. सोबत त्यांच्या सासूबाई होत्या, बारीक, ताठ आणि तिखट.

दारातून मला सगळं ऐकू आलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर शिट्टीबाईंचा त्रास सुरू झाला होता. त्या दोरीवरच्या उड्यांचा संघ तयार करायच्या. मागच्या वर्षी मुलींसोबत उड्या मारताना चाळिसाव्या उडीला त्यांची पँट ओली झाली, सगळ्या वर्गासमोर. पाण्याची बाटली सांडली असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून त्या झाडाखाली बसून शिट्टी वाजवतात.

"आता मोठ्या बाई म्हणतात, क्रीडादिनाला तुम्ही स्वतः संघाबरोबर उतरणार नसाल तर मैदान दुसऱ्या कुणाला देते, तुम्ही ग्रंथालय सांभाळा," शिट्टीबाई सांगत होत्या. "ग्रंथालय वाईट नाही हो ताई. पण तिथे मी काय करू? पुस्तकांना रांगेत उभं करू?"

"मैदान जाणार नाही," ताई म्हणाल्या. "बसा या उशीवर."

टिंग.

"बघा, गेली की वर! अजून आवळा. वा! अजून जोर!"

टिंग, टिंग, टिंग. पहिल्याच दिवशी इतकी उंच रेघ कुणाचीच गेली नव्हती म्हणे. ताई म्हणाल्या, "अगदी असंच घरी करायचं, दिवसातून तीनदा." शिट्टीबाई बाहेर आल्या तेव्हा शर्यत जिंकल्यासारख्या दिसत होत्या. आणि मी? मी मासिकांखाली धुमसत होते.

पाचव्या आठवड्यात दोन्ही बाकं भरलेली होती. सासूबाईंनी माझ्यावरचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला. "बस इथे. कोडी काय, जमिनीवरही सुटत नाहीतच."

शिट्टीबाई माझ्यावर बसल्या. किती महिन्यांनी माझ्यावर माणूस बसलं! नंबर येईपर्यंत सराव करावा म्हणून त्यांनी श्वास रोखला, दात आवळले आणि जोर लावला.

मी चमकलेच. ओझं हलकं झालंच नाही. जड झालं! त्या झोळी वर उचलत नव्हत्या, खाली ढकलत होत्या. सगळा जोर उलटा! एकदा, दोनदा, दहादा. पाच आठवडे त्या दिवसातून तीनदा आधीच सैल असलेली झोळी आणखी ताणत होत्या, आणि ते दीडशहाणं मशीन त्यावर टिंग टिंग करत होतं.

मित्रांनो, मला त्या बाईंची दया यायला हवी होती. पण मला काय झालं सांगू? आनंद! असा आनंद की माझे खिळे सैल व्हायचे राहिले. बरं झालं, मी मनात म्हटलं. पडू दे तोंडघशी त्या पडद्याला.

"आई, त्रास वाढलाय हो," शिट्टीबाई हळूच सासूबाईंना म्हणाल्या. "काल नुसता जिना चढताना झालं."

आणि मी मनात टाळ्या वाजवल्या. मला बोलता येत नाही, हे खरं. पण बोलता आलं असतं तरी त्या दिवशी मी तोंड उघडलं नसतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आठव्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा गळ्यात शिट्टी नव्हती. आत टिंग झालं, पूर्वी कधी नव्हतं इतकं लांब. ताईंनी टाळी वाजवली. शिट्टीबाई बाहेर आल्या, माझ्यावरचा गठ्ठा स्वतःच बाजूला केला, बसल्या आणि पर्समधून एक कागद काढला.

"काय आहे ते?" सासूबाईंनी विचारलं.

"मोठ्या बाईंना पत्र. मला ग्रंथालय चालेल असं लिहिलंय. संध्याकाळपर्यंत द्यायचंय, फक्त सही राहिलीय." त्यांनी आतल्या दाराकडे बोट केलं. "तिथे रेघ वर जाते आणि इथे मी रोज खाली जाते, आई. काल पोरगी पाठीवर चढली, मी हसले आणि... स्वतःच्या लेकीला खाली उतरवलं मी. ती विचारत होती, आई, मी जड झाले का?"

नऊ वर्षं मी माणसांची वजनं झेलली आहेत. पण त्या क्षणी माझ्यावर जे टेकलं होतं ते मला पेलवेना. माझा आनंद कुठल्या कुठे गेला. मला ओरडून सांगायचं होतं, उलटं करताय, उलटं! पण लाकडाला घसा कुठला? तीन आठवड्यांपूर्वी जे बोलायची माझी इच्छाच नव्हती, ते आता बोलता येत नव्हतं म्हणून मी तडफडत होते.

सासूबाईंनी सुनेच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"सही नंतर. आधी मला दाखव, तू नक्की करतेस काय?"

"इथे? सगळ्यांसमोर?"

"मग काय क्रीडादिनाला दाखवणार आहेस? कर म्हटलं ना."

शिट्टीबाईंनी डोळे पुसले, श्वास रोखला आणि जोर लावला. सासूबाई वाकून बघायला लागल्या.

"अगं, अगं, थांब! तोंड बघ केवढं लाल झालंय! गळ्याच्या शिरा फुगल्यात. माझी दोन बाळंतपणं झालीत, आणखी चार बघितलीत. हा तर मूल बाहेर ढकलायचा जोर आहे!" आणि मग दाराकडे वळून, "अहो ताई! जरा बाहेर या बघू!"

ताई आल्या. माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या, शिट्टीबाईंच्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "करा बरं पुन्हा." शिट्टीबाईंनी केलं. ताईंचा चेहरा उतरला.

"खाली ढकलताय," त्या हळूच म्हणाल्या. "ती रेघ दाब जरा कमी-जास्त झाला की चढते. आवळलं तरी चढते, आणि ढकललं तर जास्तच चढते. पहिल्या दिवशीच मी हे बघायला हवं होतं. मी पडदा बघत बसले, तुम्हाला बघितलंच नाही."

"आठ आठवडे?" सासूबाई म्हणाल्या.

"आठ आठवडे. चूक माझी आहे."

सासूबाईंच्या ओठावर बरंच काही आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. "क्रीडादिनाला अजून दहा आठवडे आहेत. बोलण्यात घालवू नका."

ताईंनी पुन्हा अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. वारा रोखा. पुढे. वर. खांदे नाहीत, पोट नाही, श्वास चालू. नाही जमलं. पुन्हा नाही. सातव्या की आठव्या वेळी माझ्यावरचं ओझं हललं. केसभर. वर!

"हे काय होतं?" शिट्टीबाई दचकून म्हणाल्या. "एवढंसंच?"

"एवढंसंच," ताई म्हणाल्या. "हेच वाढवायचंय."

शिट्टीबाईंनी ते पत्र फाडलं नाही, मागच्या कोऱ्या बाजूवर व्यायामाचं वेळापत्रक लिहून घेतलं.

आता मशीनची रवानगी माळ्यावर होणार, म्हणून मी खूश! पण कसलं काय. तीन आठवडे माझ्यावर नीट शिकवल्यावर ताईंनी शिट्टीबाईंना पुन्हा उशीवर बसवलं, या वेळी पडदा भिंतीकडे फिरवून. आकुंचन किती सेकंद टिकतंय ते मशीनने मोजायचं, बाईंकडे ताईंनी बघायचं. मला सेकंद मोजता येत नाहीत, हे मला कबूल करावं लागलं. मी पुन्हा आतल्या खोलीत आले खरी, पण त्याच्या शेजारी! टिंग झालं की अजूनही माझ्या पोटात दुखतं, आणि मला पोटच नाही.

क्रीडादिनाच्या दुसऱ्या दिवशी सासू-सुना दोघी आल्या. शिट्टी गळ्यात होती.

"किती?" ताईंनी दारातच विचारलं.

"साठ! मुली ओरडून ओरडून वेड्या झाल्या."

"आणि?"

"दोन थेंब. पॅड लावलं होतं. पण मी थांबले नाही ताई, दोरी थांबलीच नाही!"

"दोन थेंब ना? ते पण बघू," ताई म्हणाल्या आणि दोघी हसत सुटल्या.

सासूबाई हसत नव्हत्या. "तू जरा बाहेर बस गं," त्या सुनेला म्हणाल्या.

"का हो आई?"

"बस म्हटलं ना. कोडं सोडव एखादं."

दार लागलं. सासूबाई माझ्यावर येऊन बसल्या, पदर सारखा केला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मलाही हे होतं. छत्तीस वर्षं झाली. हिच्या नवऱ्याच्या वेळच्या बाळंतपणापासून."

ताईंनी विचारलं, "कुणाला बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं?"

ताई मशीनकडे वळल्या नाहीत. माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "करा बरं, आजी."

आणि मित्रांनो, छत्तीस वर्षं सोसलेल्या त्या शहाण्या बाईंनी काय करावं? श्वास रोखला, डोळे मिटले आणि दणकून खाली ढकललं!

या वेळी मला आनंद झाला नाही. ताईंचे डोळे आजींच्या चेहऱ्यावर होते, आणि मला घाई झाली होती ती एवढ्याचीच, की हे ओझं केसभर कधी हलकं होतंय. तर मित्रांनो, मला पॉलिश नको, गोट लावलेलं आवरणही नको. (आवरण मिळालं तर नाही म्हणणार नाही.) मागणं एकच आहे. तुमच्या घरात कुणी खोकताना पाय आवळून उभं राहत असेल, हसता हसता मध्येच उठून जात असेल, तर त्याची थट्टा करू नका. जवळ बसा आणि विचारा. छत्तीस वर्षं वाट बघायला लावू नका.