बावीस इंच

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा मास्तर खोलीच्या मधोमध, पाचव्या पट्टीवर उभे होते. मंगळवार, सकाळचे अकरा. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनवर टेकवलेला फोन, आणि फोनमध्ये व्यायाम शिकवणारी फिजिओ. मास्तरांच्या बायकोने तिचं नाव ठेवलं होतं 'काचेतली पोर'. पार्किन्सनमुळे चालता चालता मास्तरांचे पाय जमिनीला खिळायचे. म्हणून त्या पोरीच्या सांगण्यावरून बायकोने खिडकीपासून दारापर्यंत फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या नऊ आडव्या पट्ट्या लावल्या होत्या. एक पट्टी ओलांडली की एक पाऊल. डोळ्यांना खूण दिसली की पाय ऐकतात, असं ती पोर म्हणायची, आणि ते खरं होतं.

दाराजवळची पट्टी सारखी उखडायची. त्या दिवशी बायको नवा रोल आणायला खालच्या दुकानात गेली होती. "दोन मिनिटांत येते. पोरीला सांगा, मी आत आहे." कारण जवळ कुणी उभं असल्याशिवाय उभ्याने व्यायाम करायचा नाही, असा त्या पोरीच्या फिजिओथेरपी केंद्राचा नियम होता. दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली होती.

"काका, काकू दिसत नाहीत?"

"आत आहे. दूध तापवतेय," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात काचेतली पोर दिसेनाशी झाली आणि फोनवर बायकोचा फोटो आला. फोन वाजायला लागला. मास्तरांचे पाय खिळले. फोन वाजून थांबला, परत वाजला, परत थांबला. तिसऱ्या वेळी मास्तर कसेबसे मशीनपर्यंत पोचले.

खालचा दुकानदार बोलत होता. "मास्तर, वहिनी इथेच कोसळल्या. गाडी आली, डॉक्टर आले..." मास्तरांना समजलं.

तीन आठवड्यांनी मुलगी आठवडाभराची रजा काढून परत आली. आल्या आल्या म्हणाली, "बाबा, आता माझ्याकडे चला. तुमच्यासाठी मऊ खुर्ची घेतलीय. खिडकीशीच ठेवलीय."

"चाळीस वर्षं मशीनवर बसूनच काढली," मास्तर म्हणाले. "आता कुठे उभं राहायला शिकलो, तर सगळे मला बसवायला निघालात!"

काचेतल्या पोरीचंही तेच. "काका, तुम्ही आता एकटे. यापुढे फक्त बसून व्यायाम. केंद्राने कळवलंय."

"बसून पाय चालतात का?"

"नाही चालत. पण पडत तरी नाहीत. आणि त्या दिवशी तुम्ही मला खोटं सांगितलंत, काका. तुम्ही पडला असतात तर मी इथून काय केलं असतं?"

"सांगितलं खोटं," ते म्हणाले. "पुन्हा नाही सांगणार. आज घरात मुलगी आहे, तिला विचार. आणि ती गेल्यावर खालचा दुकानदार येईल. अकराला त्याच्याकडे चिटपाखरू नसतं."

पोरीने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "शनिवारपर्यंत वेळ देते. खिडकीपासून दारापर्यंत आणि परत. कुठेही न खिळता. जमलं तर तुमच्यासाठी केंद्राशी भांडते. नाही जमलं तर बसून व्यायाम."

"आणि माझ्याकडे," मुलीने मागून जोडून दिलं.

"दोघी मिळून घेरा मला," मास्तर म्हणाले.

मंगळवारी ते तिसऱ्या पट्टीवर खिळले. बुधवारी दुसऱ्या. पोर फोनमधून 'एक, दोन' म्हणायची, पण तिचा आवाज क्षणभर उशिरा पोचायचा. 'दोन' ऐकू येईपर्यंत मास्तरांचा पाय हवेत विचार करत बसायचा. बायको होती तेव्हा तीच मोजायची, खणखणीत. फोनमधल्या पोरीला म्हणायची, "तू बघ फक्त. आवाज माझा."

गुरुवारी पोरीने विचारलं, "काका, पट्ट्यांमध्ये अंतर किती आहे? मी काकूंना बावीस इंच सांगितलं होतं. इथून कमी वाटतंय."

गळ्यातली टेप काढून मास्तरांनी मुलीच्या हाती दिली. मुलीने मापलं. "सोळा."

"काय?"

"सगळीकडे सोळा, बाबा."

"शिंप्याच्या घरात अंदाजाने माप!" मास्तर भडकले. "आठ महिने मी यावर चालतोय आणि एकदाही टेप लावली नाही! गिऱ्हाइकाचं कापड असतं तर मान कापली असती माझी."

मुलगी फरशीवरच बसून होती. "अंदाजाने नाही," ती हळूच म्हणाली. "आई तुमचे हात धरून तुमच्यासमोर उलटी चालायची ना? उलटं चालताना तिचं पाऊल एवढंच पडायचं."

मास्तरांनी फरशीवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"काका," फोनमधली पोर म्हणाली, "काकू होत्या तोवर हे चाललं. त्या तुम्हाला ओढून नेत होत्या. एकट्याने एवढं लहान पाऊल टाकलंत तर खिळणारच. पट्ट्या बदलायला हव्यात."

"नाही बदलणार."

"बाबा, मग बॅग भरू का तुमची?"

मास्तर उठून आत गेले. रात्री जेवले नाहीत. शुक्रवारी सकाळी बाहेर आले ते बायकोची पिशवी घेऊनच. हॉस्पिटलातून परत आलेली ती पिशवी तोवर कुणी उघडली नव्हती. आत पिवळ्या चिकटपट्टीचा कोरा रोल होता.

"घे. बावीस म्हणजे बावीस. साडेएकवीस चालणार नाही."

मुलगी गुडघ्यांवर बसून एकेक जुनी पट्टी काढत गेली. मास्तर खुर्चीवरून हुकूम सोडत होते. "अर्धा इंच डावीकडे. अगं, तिरकी गेली! डोळे आहेत की बटणं?"

"तुमच्याकडे शिकायला येणारे का पळून जायचे ते आज कळलं," मुलगी म्हणाली.

बावीसच्या हिशोबाने सात पट्ट्या बसत होत्या. सहा लागल्या. मुलगी दाराशी सरकली तशी मास्तर म्हणाले, "ती राहू दे. ती मी लावीन."

"वाकलात तर तोंडावर पडाल."

"आज लावतो म्हटलं का?"

शनिवारी अकराला मास्तर खिडकीशी उभे राहिले. मुलगी मागे.

"काका, मी मोजू?"

"तू बघ फक्त."

पूर्वी गिऱ्हाइकाची मापं घेताना मास्तर ओरडायचे आणि बायको वहीत लिहायची. तीस वर्षं तोच क्रम. मास्तरांनी श्वास घेतला आणि पहिलं पाऊल टाकलं.

"लांबी!"

आवाज चिरका निघाला, पण पाय पट्टी ओलांडून गेला.

"छाती! कंबर! खांदा!" आवाज चढत गेला. "बाही! गळा!"

सहा पट्ट्या संपल्या. पुढे दारापर्यंत नुसती फरशी. मास्तर खिळले.

मुलीचा हात पुढे आला. "हात लावू नकोस!" मास्तर गरजले. ती थांबली. मास्तरांनी खिळल्यावर बायको करून घ्यायची तसं अंग डावीकडे झुकवलं, उजवीकडे झुकवलं, परत डावीकडे. फरशीवर नसलेली पट्टी नजरेने आखली.

"मुंढा!"

पाय उचलला. दाराला हात लागला. वळून ते खिडकीपर्यंत परत आले, सगळी मापं उलट्या क्रमाने ओरडत.

"खिळलात, काका," पोर म्हणाली. "अट होती, न खिळता."

"खिळलो. आणि सुटलो. कुणी धरलं नव्हतं. दोन्ही लिही."

"दोन्ही लिहिते. आणि भांडतेही."

मुलगी रविवारी एकटीच परत गेली. मऊ खुर्ची अजून ठेवलीय, असं दारात बजावून गेली. "तूच बस तिच्यावर. दमलीयस," मास्तर म्हणाले.

आता अकराला दुकानदार येऊन मास्तरांच्या मागे उभा राहतो आणि काचेतल्या पोरीला हात हलवून दाखवतो. केंद्राने महिनाभराची मुदत दिली आहे, पुढचं काही ठरलेलं नाही. जमिनीपर्यंत वाकून परत उठणं मास्तरांना जमत नाही. दाराजवळची सातवी पट्टी अजून लागलेली नाही.