होळीतली बाज

होळीला कोणाची वस्तू उचलली तर तिला चोरी म्हणत नाहीत, हे सौंसरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. फाटक जावो, बैलबंडीचं चाक जावो, मालकानं हसून सोडून द्यायचं. चौऱ्याऐंशी सालच्या होळीला केशवरावही पोरांत सामील झाले. चाळिशी उलटली, पण हौस दांडगी! बौद्ध मोहल्ल्यात एका अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडी बाज त्यांनी स्वतः उचलली. कोणाची ते पाहिलंही नाही. ती होळीत पडली तेव्हा लोकांनी टाळ्या पिटल्या.

धुळवडीच्या सकाळी इंदू केशवरावांच्या दारात उभी. ती त्यांच्याच संत्र्याच्या बागेत मजुरीला यायची. हिवाळ्यात बागेतल्या वाळक्या काड्यांचा भारा तिच्या डोक्यावर पाहून केशवरावांनी तिला सगळ्या बायांसमोर चोर म्हटलं होतं, भारा खाली टाकायला लावला होता. तत्त्वाचा माणूस!

"मालक, माही बाज तुमी नेली म्हनतेत."

"अवो, होळी होती न. होळीत चालते."

"आमच्यात होळी नाई, मालक. पोरगी परवाच बाळंत झाली. ढेकनं झाले म्हनून बाज उन्हात काढली, आत घ्याची राह्यली. आता लेकराले घेऊन भुईवर निजून राह्यली ते."

काड्यांचं ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, त्यांना चिडता तरी आलं असतं. त्यांनी ओसरीवरची आपली नवारीची बाज पुढे ओढली. "हे ने."

इंदू हात लावेना.

"तुमी संगं चाला. मी एकटी नेली तं लोक चोर म्हनतीन मले."

केशवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुलीसाठी लाकूड तिनं उचललं ते पाप आणि होळीसाठी आपण उचललं तो सण, हे आपण कधी ठरवलं? त्यांना आठवेना.

पुढचे पाय इंदूनं धरले, मागचे त्यांनी. बाज भर रस्त्यानं निघाली. चौकात रंगानं माखलेले भैय्याजी, कालचे सोबती, ओरडले, "केशवराव, होळी तं काल झाली! आज कोनाची चोरून राह्यले?"

सगळे खदखदून हसले. इंदू थबकली. तिनं वळून पाहिलं.

"आज नाई," केशवराव म्हणाले. "चोरी काल केली."

भैय्याजींना तो विनोदच वाटला. कालच्यासारख्याच टाळ्या पडल्या.