चढावर पाय काढला

बाबांनी तीस वर्षं बस चालवली, पण चढावर एकदाही पाय ढिला सोडला नाही. चढ दिसला की पाय थेट तळाला! त्यांची गाडी डेपोत परतली की मिस्त्री इंजिनाला हात लावायच्या आधी कपाळाला लावायचा. आणि अशा माणसाच्या पोटी पोरगी निघाली वैमानिक, तीही इंजिनाला जपणारी. आता बोला!

दुसऱ्या दिवशी ती कॅप्टन म्हणून पहिल्यांदा विमान उडवणार होती. आई हे बघायला राहिली नव्हती. निदान बाबांनी तरी विमानात असावं, एवढीच तिची इच्छा. बाबाही तयार होते. पण आदल्या रात्री जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, की धावपट्टी लांब आहे, विमान हलकं आहे, तेव्हा उडताना पूर्ण जोर लावायचा नाही.

"नाही म्हणजे?" बाबांचा घास हातातच राहिला.

"बाहेर पंचवीस अंश असले तरी कॉम्प्युटरला सांगायचं, पन्नास आहेत. तेवढ्या उन्हात जेवढा जोर मिळाला असता, तेवढाच तो देतो. इंजिन कमी तापतं, जास्त टिकतं."

"म्हणजे विमानाला थापा मारता?"

"सगळं गणित करूनच, बाबा. आणि लागलाच तर दांडा पुढे ढकलला की पूर्ण जोर हजर."

"मग आधीच ढकल की! राखून कुणासाठी ठेवतेस? छे छे, मी नाही येत."

पोरीने ताट बाजूला सारलं. "शंभर परकी माणसं माझ्या भरवशावर बसणार आहेत. भरवसा नाही तो फक्त माझ्या बापाला," म्हणाली आणि आत निघून गेली. बाबांना ते चांगलंच झोंबलं. सकाळी त्यांनी मुकाट्याने बूट घातले.

विमान पळालं, हवेत झेपावलं. बाबांनी सीटचे दोन्ही हात आवळले होते आणि उजवा पाय समोरच्या सीटखाली गच्च रोवला होता. नाक अजून वरच, आणि इंजिनाचा आवाज एकदम उतरला.

"अगं दाब!" बाबा ओरडले. "चढ संपला नाही अजून! दाब, पोरी, दाब!"

झालं! शेजारच्या बाईंनी डोळे मिटून हात जोडले. मागे कुणीतरी रडायलाच लागलं. हवाईसुंदरी पट्ट्यात बांधलेली, ती बसल्या जागेवरून "आजोबा, शांत व्हा!" म्हणून हातवारे करत राहिली. विमान मात्र आपल्या चालीने वर चढत गेलं.

बऱ्याच वेळाने हवाईसुंदरीने आत फोन करून सगळं सांगितलं आणि घोषणा झाली. "मी कॅप्टन बोलतेय. मघाशी आवाज कमी झाला, तो मीच केला. एकदा उडाल्यावर तेवढा जोर लागत नाही. ओरडले ते माझे बाबा. तीस वर्षांत त्यांच्या बसमध्ये कुणाला साधा ओरखडा आला नाही. बाबा, पाय काढा आता."

विमानभर हशा पिकला. बाबांचे कान लालबुंद झाले. पायात गोळा आला होता, तो चोळायला शेजारच्या बाईंनीच मलम दिलं.

उतरल्यावर पोरगी धावत आली. "घाबरलात?"

"मी? हॅट!" बाबा जरा घुटमळले. "चांगली चालवतेस."

एवढं त्यांनी आजवर कुणाही चालकाला म्हटलं नव्हतं. पोरीचे डोळे भरून आले. "परतीचं तिकीट संध्याकाळचं आहे हं. तेव्हा दुसरे कॅप्टन असतील. माझी परतीची ड्युटी परवा."

"दुसरा? त्याचा पाय कसाय?"

"अहो, मोठे अनुभवी आहेत."

"आणि माझ्यासारखा दामटणारा निघाला तर?" बाबांनी पिशवी बाकावर ठेवली आणि शेजारी ऐसपैस बसले. "मी परवाच येतो, तुझ्याबरोबर."