उजवा खांदा

भायखळ्याहून निघालेली पोलिसांची गाडी गोळीबाराच्या रेंजवर पोचेस्तोवर संघमित्राचा जीव थाऱ्यावर नव्हता. तान्हा सम्यक बाटलीला तोंड लावत नाही. "जा गं, मी बघते," म्हणाल्या होत्या सासूबाई. पण मोबाईल गेटवरच जमा झाले, आता विचारणार कोणाला?

बाळंतपणाच्या रजेवरून पोलिसात परत रुजू झाल्यावरची ही पहिली गोळीबाराची परीक्षा. आज नापास झाली तर आठवडाभर शहराबाहेरच्या शिबिरात. अंगावर पिणाऱ्या लेकराला सोडून.

आधी सरावाच्या गोळ्या होत्या. ती पालथी झोपली, पण दूध साठून छाती दगड झालेली, टेकवेना. मग कोपरांवर उचलून राहिली. शर्टाच्या आत उजव्या खांद्यावर तिनं सम्यकचं दुपटं घडी करून ठेवलं होतं. तो तिथंच डोकं ठेवून झोपतो, मार बसायला नको.

गोळी सुटली. रायफलचा दस्ता दुपट्यावरून सटकला आणि गळ्याच्या हाडावर आदळला. पुढच्या गोळीला तिनं आधीच डोळे मिटले.

"कावळे मारतेस काय गं?" शेजारून मीनाक्षी म्हणाली.

शिकवणाऱ्या प्रिती मॅडम जवळ येऊन बसल्या. "सैल धरलीस की ती धावत येऊन मारते. खांद्याच्या खोबणीत घट्ट बसव, मग नुसती ढकलते. आणि छाती टेकव की."

"टेकवत नाही, मॅडम."

"का?"

"दूध भरलंय."

मॅडमनी तिची रायफल बाजूला सरकवली. "मग सकाळपासून तोंड शिवलं होतंस? जा, मोकळी होऊन ये. तुला शेवटी घेते. आणि आत काय कोंबलंयस, तेही काढ."

बाथरूमच्या मोरीतून दूध वाहून जाताना तिला बघवेना. तिकडे तो ह्याच्यासाठीच रडत असणार.

परत येऊन ती सबंध पालथी झाली. दस्ता खोबणीत, गाल लाकडाला, श्वास अर्धा सोडलेला. दर गोळीला अख्खं अंग मागं ढकललं जाई, पण दस्ता खोबणीतून हलला नाही. डोळे उघडे राहिले. काठावर का होईना, पास झाली.

घरी पोचताच सम्यकनं झेप घेतली. पोटभर प्याला आणि नेमका उजव्या खांद्यावर, काळ्यानिळ्या वळावर डोकं आपटून बसला. तिनं डावीकडे घेतलं, तर भोकाड.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या.

"असू दे, आई."

तिनं त्याला पुन्हा उजवीकडे घेतलं, आणि या वेळी घट्ट धरलं.